मलिद्याचा नोव्हेंबर

शाळेच्या जिमच्या दारावर ‘शांतता राखा, परीक्षा सुरू आहे’ असा कागद लागला की मला भिजवलेल्या पोह्यांचा वास येतो. आता जिममध्ये पोहे कुठून येणार? तिथे असतो बुटांच्या रबराचा, पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीचा आणि रांगेत बसलेल्या घाबरलेल्या पोरांचा वास. पण नाकाला कोण समजावणार? एका नोव्हेंबरात जे हुंगलं ते त्याने धरून ठेवलंय. आज सकाळी कागद लागला, मी माझ्या केमिस्ट्रीच्या पोरांना ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं, दार लोटलं आणि आलाच तो वास. ओलं खोबरं, वेलची आणि वरून किसलेलं जायफळ.

आपल्याकडे परीक्षा आल्या की उन्हं चढू लागतात आणि आंबा मोहरतो. इथे न्यूझीलंडमध्येही परीक्षा उन्हाळ्याच्या उंबऱ्यावरच येतात, फक्त तो उंबरा नोव्हेंबरात असतो. दिवाळीच्या चकल्या अजून डब्याच्या तळाशी असतात आणि आमच्या न्यू लिनच्या बसथांब्यावर माणसं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, खांद्यावर टॉवेल टाकून समुद्रावर निघालेली असतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना हे मुळीच पटलं नव्हतं. “कार्तिकात पंखा?” त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्या पंचांगाचं काहीतरी बिनसलंय.” इथली पोहुतुकावाची झाडं तेव्हा फुलांनी पुरती लाल झालेली नसतात. कळ्यांवर पांढुरकी लव असते, आणि एखादीच फांदी घाई करून फुललेली असते. मला ती उतावळी फांदी फार आवडते.

हा आम्हा शिक्षकांचाही मोसम. मोठी मुलं अभ्यासासाठी घरी जातात, निदान त्यांच्या आयांचा तसा समज असतो. मग आमचे तास रिकामे होतात आणि वर्षभर पुढे ढकललेल्या सगळ्या मीटिंगा एकदम उगवतात. युनियनच्याही. आमच्या शाळेतल्या शाखेची मी सेक्रेटरी. ते कसं झालं ते विचारू नका. ज्या सभेत निवड होती तिथे मी फक्त चहा घ्यायला गेले होते, आणि हातात कप असल्यामुळे मला ‘नको’ म्हणून हात हलवता आला नाही.

त्या नोव्हेंबरातली गोष्ट खरं तर हिवाळ्यात सुरू झाली. आमच्याकडे रिबेका पेणकर फूड टेक्नॉलॉजी शिकवते, म्हणजे पोरांना स्वयंपाक. मूळची ठाण्याची. स्टाफरूममधल्या गोऱ्या मंडळींच्या लेखी ती आणि मी एकच. कित्येक जण तिला दिवाळीच्या शुभेच्छा द्यायचे आणि ती त्या हसून घ्यायची. रिबेका बेने इस्राएल आहे, कोकणातली मराठी ज्यू. फार पूर्वी यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ फुटलं, ते किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. हे मला पुस्तकातून थोडंफार ठाऊक होतं. सासूबाईंना मात्र ते शेजारातून ठाऊक होतं. त्या अलिबागजवळच्या चौलच्या. रिबेका पहिल्यांदा घरी आली तेव्हा नाव ऐकताच त्या म्हणाल्या, “पेणकर? म्हणजे आमच्या सारामावशींच्यातली की! ये, आत ये, अशी दारात काय उभी?” आणि रिबेका, जी शाळेत कधी आवाज चढवत नाही, ती आमच्या स्वयंपाकघरात खळखळून हसत बसली. त्या दिवसापासून त्या तिच्या मावशी.

त्या हिवाळ्यात तिच्या वर्गात एक आवाज सुरू झाला. ती शेगडी पेटवायला वाकली की मागच्या ओट्यापासून कुणीतरी हळूच ‘स्स्स’ करायचं, आणि तीनचार पोरं हसायची. तिने ते डीनला सांगितलं. डीन म्हणजे पोरांच्या वागण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. आमचा डीन ग्रेग हा लाख भला माणूस. त्याने तिचं नीट ऐकून घेतलं, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, “गॅसचा मामला आहे, रिस्क नको.” दुसऱ्याच दिवशी गॅसवाला आला. त्याने प्रत्येक शेगडी साबणाचं पाणी लावून तपासली आणि कुठेही गळती नाही, सगळं ‘स्वीट ॲज’, म्हणजे अगदी झकास, असं सांगून गेला.

मला ती हे स्टाफरूमच्या सिंकपाशी सांगत होती, आणि मीही हसले. गॅसवाल्याची गोष्ट हसण्यासारखीच होती. मग तिने कप विसळता विसळता शांतपणे सांगितलं की तो आवाज शेगडीचा नव्हता. तो महायुद्धातल्या जर्मनांच्या त्या कोठड्यांचा होता, जिथे ज्यूंना कोंडून त्यांच्यावर विषारी गॅस सोडला. पोरं तिला ज्यू म्हणून तो आवाज ऐकवत होती.

माझं हसू तिथेच थिजलं. घरी आल्यावर मी ईशाला, माझ्या मुलीला विचारलं. ती तेव्हा तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिने मान वर न करता सांगितलं, “ममा, एव्हरीवन नोज दॅट वन.” म्हणजे पोरांना ठाऊक, आणि पदव्या घेऊन बसलेल्या आम्हा शिक्षकांना पत्ताच नाही. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही समजेना.

“मी वर्षअखेर नोकरी सोडतेय,” रिबेका पुढच्या आठवड्यात म्हणाली. “तिकडे हेन्डरसन भागातल्या एका बेकरीत विचारून ठेवलंय. पीठ निदान गुपचूप फुगतं.”

“वेडी आहेस का? पोरं तुझ्या हाताखाली पोळ्या लाटायला शिकलीत. इथली माओरी पोरं पुरणपोळी करतात!”

“करतात गं. पण मी रोज वाकायच्या आधी कान टवकारते. ग्रेग वाईट नाही, कुणीच वाईट नाही. त्यांना ऐकूच येत नाही, त्याला ते काय करणार?”

“मग ऐकू यायला शिकवूया,” मी म्हणाले. कप हातात नसताना मी फार धाडसी असते. “युनियनमध्ये ठराव आणू. ज्यूंचा द्वेष कसा बोलतो, कसा दिसतो, याचं ट्रेनिंग मागू. बाकी इतक्या गोष्टींचं देतात, याचंही द्या म्हणू.”

ती म्हणाली, “माझ्यामुळे कुणाला त्रास नको हं.” हे तिचं लाडकं वाक्य. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

ठराव यायला नोव्हेंबर उजाडला. स्टाफरूमच्या खिडकीबाहेर गवत कापण्याचं यंत्र घरघरत होतं आणि आत कापलेल्या गवताचा हिरवा वास भरून राहिला होता. आमची अध्यक्षीण कॅरन हिने नेहमीप्रमाणे माओरी कराकियाने, म्हणजे प्रार्थनेने सभा उघडली. मी ठराव वाचला. आणि युसुफ उभा राहिला.

युसुफ गणित शिकवतो, माउंट रॉस्किलला राहतो, आणि त्याची आजी पॅलेस्टाईनमधल्या एका गावची, जिथे तिला परत जाता आलं नाही. माणूस असा की फळ्यावर वर्तुळ हाताने काढतो आणि ते खरंच वर्तुळ असतं. बोलतो इंग्रजीत, पण मला त्याचं बोलणं आता मराठीतच आठवतं. तो म्हणाला, “रिबेका माझी मैत्रीण आहे. तिच्या वर्गात जे झालं ते घाण आहे. पण हे ट्रेनिंग जर मला असं सांगणार असेल की माझ्या आजीच्या गावाचं नाव काढायचं नाही, तर माझा हात वर होणार नाही.”

बाहेरचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं. रिबेका बसल्या जागेवरून म्हणाली, “तसं सांगणार असेल तर माझाही होणार नाही.”

कॅरन शहाणी बाई. ती म्हणाली, तुम्ही दोघं मिळून शब्द आणा, पुढच्या बुधवारी मत घेऊ.

म्हणून रविवारी सकाळी ते दोघं माझ्या न्यू लिनच्या स्वयंपाकघरात. ती सकाळ मला तुकड्यातुकड्याने आठवते. ओट्यावर कढीपत्त्याची तडतड. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर अर्धंच पसरलेलं आणि युसुफ त्या उन्हाच्या बाजूला डोळे बारीक करून बसलेला. एकेका शब्दावर दोघांची जुंपलेली. तो म्हणे, माणसाचा द्वेष वेगळा आणि इस्राएलच्या सरकारवरची टीका वेगळी, हे स्पष्ट लिही. ती म्हणे, लिहिते, पण तिथल्या सरकारचा जाब इथल्या ज्यू पोराला विचारायचा नाही, हेही लिही. तो म्हणे, लिहितो, आणि कुठल्याच पोराला विचारायचा नाही, असं कर. मग ती म्हणाली, “हे बरं झालं.” सासूबाईंना त्यातलं इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं. त्या दोघांच्या ताटल्यांत कांदेपोहे वाढत होत्या आणि ज्याचा आवाज चढेल त्याला जास्त वाढत होत्या. युसुफ बराच खाऊन उठला.

त्याच सकाळी रिबेकाने सासूबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, “मावशी, नवस बोललेय हं. एलियाहू हन्नबीला. ठराव झाला तर अख्ख्या स्टाफरूमला मलिदा.”

सासूबाईंचा चेहरा उजळला. एलियाहू हन्नबी हा बेने इस्राएलांचा लाडका प्रेषित. अलिबागकडच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं कोकणातले ज्यू मानतात. नवस फेडायचा तर पोहे भिजवायचे, त्यात साखर, खोबरं, सुका मेवा घालायचा, वर फळं मांडायची, त्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. “सारामावशींचा सालोमन मॅट्रिक झाला तेव्हा केला होता,” सासूबाई म्हणाल्या. “आळीत एक घर सोडलं नाही. मी परकराच्या ओच्यात घेऊन खाल्लाय.” माझा नवरा फार्मसीच्या रविवारच्या पाळीला निघाला होता. तो दारातूनच म्हणाला, “युनियन आणि मलिदा? महाराष्ट्रात ही दोन नावं एकत्र घेतलीत तर चौकशी लागेल.” त्याला कुणी दाद दिली नाही, पण बुटांची नाडी बांधताना तो स्वतःच हसत होता.

बुधवारी रिबेकाने ठराव मांडला आणि युसुफने अनुमोदन दिलं. कॅरनने हात वर करायला सांगितले. काही जण हाताची घडी घालूनच बसले, तो त्यांचा हक्क. पण बाकीचे हात असे वर गेले की मला मोजायचं सुचेना, आणि मोजणं हे माझंच काम होतं. ग्रेगचा हात सगळ्यांत उंच होता. तो ताडमाड आहेच, तरी त्या दिवशी टाचा उंचावून उभा होता. रिबेकाने डोळे पुसले. मी माझे पुसले नाहीत, वाहू दिले, आनंदाचे होते.

त्या भरात कॅरन म्हणाली, युनियनच्या वरच्या ऑफिसची वाट कशाला बघायची, पहिलं सत्र आपण आपल्या शाळेत घेऊनच टाकू. शनिवारी सकाळी? सगळे मोकळे असतात. मी खायला स्कोन करून आणते. सगळे म्हणाले, स्वीट ॲज. रिबेकाही म्हणाली. मी लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी मी ही सगळी हकिगत रंगवून सांगितली. सासूबाई शेवटच्या वाक्याला थांबल्या. शेंगा निवडणारा हात तसाच ठेवून म्हणाल्या, “शनिवारी? अगं, सारामावशी शनिवारी चूल पेटवत नसत. शेजारची पोर जाऊन त्यांचा दिवा लावायची.”

मी आधी पोट धरून हसले. ज्यूंना समजून घ्यायचं ट्रेनिंग आणि तेही नेमकं शब्बाथला, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र वारी! ग्रेगच्या गॅसवाल्यानंतर एवढी गोड चूक आमच्या शाळेने केली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की रिबेकाही ‘स्वीट ॲज’ म्हणाली होती, आणि हसू मावळलं. मी तिला फोन लावला.

“माहितीये गं मला,” ती म्हणाली. “शनिवार आहे ते. असू दे. इतकं सगळं केलं लोकांनी, आता आणखी काय मागायचं? एक शनिवार गेला तर देव रागवायचा नाही. माझ्यामुळे कुणाला त्रास नको.”

पुन्हा ते वाक्य. या वेळी मला ते नीट ऐकू आलं. दिवाळीच्या चुकीच्या शुभेच्छा हसून घेणारी, गपचूप बेकरीत निघून जायला तयार झालेली, आणि आता जे तिच्यासाठी होतंय त्यासाठी स्वतःचाच शनिवार सोडून देणारी रिबेका त्या एका वाक्यात बसली होती. परक्या देशात आपण सगळेच असे थोडे थोडे घडी घालून राहतो. मीसुद्धा शाळेत डबा उघडताना खिडकी उघडतेच की.

“मी सांगते कॅरनला,” मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “हिने नाही सांगायचं. तू सांग, बाय माझी,” त्या म्हणाल्या. “ज्याचं त्याने सांगितलं की लोक विसरत नाहीत. आणि उद्या मलिदा नेशीलच ना? तो समोर ठेव आणि मग बोल. गोड खाताना कुणी नाही म्हणत नाही.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या लांबलचक टेबलावर परात आली. पांढरेशुभ्र पोहे, खोबऱ्याचा कीस, बदाम, मनुका, वर केळी, सफरचंद, खजूर आणि एक किवी, कारण देश कुठला हे एलियाहू हन्नबीलाही कळायला हवं. रिबेकाने डोक्यावर ओढणी घेतली आणि हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. कॅरनला वाटलं हा कराकियाच आहे, आणि तिचं काही चुकलं नाही. माओरी भाषा शिकवणाऱ्यांनी मान खाली घातली, युसुफनेही घातली. वेलचीचा वास खिडकीपर्यंत गेला, आणि खिडकीबाहेर माझी ती उतावळी फांदी लाल झाली होती.

मग ती बोलली. हातातला चमचा तिने परातीच्या काठावर ठेवला.

“मला एक सांगायचंय. शनिवारी मला जमणार नाही. आमचा शब्बाथ असतो.”

कॅरन गळ्यापासून कपाळापर्यंत लाल झाली. “ओ, रिबेका,” ती म्हणाली, “अँटिसेमिटिझमचं ट्रेनिंग मी शनिवारी ठेवलं?” आणि ती हसत सुटली, तोंडावर दोन्ही हात घेऊन. रिबेकाही हसली आणि मग सगळी खोली हसली. ग्रेगला पोह्यांचा एवढा ठसका लागला की त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. “मंगळवार?” कॅरनने विचारलं. “मंगळवार छान,” रिबेका म्हणाली. झालं. जे बोलायला तिला इतकी वर्षं लागली ते मिटायला चमचाभर मलिदा खाण्याइतकाही वेळ लागला नाही.

“विषय निघालाच आहे तर,” युसुफ म्हणाला. तो खजूर निवडून निवडून खात होता. “शुक्रवारी दुपारी मीटिंग ठेवता ना, तेव्हा माझा नमाज असतो. मी दर वेळी डेंटिस्टकडे जातो असं सांगतो.”

“मला वाटायचं तुझ्या दातांची काय ही दशा!” ग्रेग म्हणाला, आणि पुन्हा ठसका.

ते हसणं अजून त्या खोलीत आहे असं मला वाटतं. सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी तो दिवस सांगेन. बाहेर गवताचा वास, जिममध्ये परीक्षा, आत बोटांना चिकटलेलं खोबरं, आणि एकेक माणूस आपापल्या वारासकट टेबलाशी बसलेलं.

ट्रेनिंग मंगळवारी झालं. त्यात काय काय सांगितलं ते सगळं मला आठवत नाही. काही गोष्टींवर वादही झाले, आणि युसुफ आणि रिबेका अजूनही वाद घालतात, बहुधा माझ्याच ओट्याशी. रिबेका बेकरीत गेली नाही. ‘मला जमणार नाही’ हे वाक्य मात्र तिला एवढं आवडलं की ती आता ते भांडी विसळण्याच्या पाळीलाही वापरते. सासूबाई सध्या चौलला आहेत. काल त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी रिबेकाची खुशाली विचारली, मग माझी.

आणि या हिवाळ्यात एक दिवस रिबेका दोन तासांच्या मध्ये धावत माझ्या लॅबमध्ये आली. ॲप्रन तसाच, हाताला पीठ. नव्या वर्गातल्या कुणीतरी पुन्हा तो आवाज काढला होता. ग्रेग नेमका व्हरांड्यातून चालला होता. तो थांबला, आत आला, त्या पोरासमोर उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, “तो आवाज कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. चल माझ्याबरोबर.”

“त्याला ऐकू आलं गं,” रिबेका म्हणाली. पिठाचे हात तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर ठेवले होते आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. “मी काही सांगायच्या आधीच त्याला ऐकू आलं.”

या वेळी गॅसवाल्याला कुणी बोलावलं नाही.